कॉफीची गाळणी

आमच्या घरात सगळे चहा पिणारे. पहाटे अम्मीच्या चहाचा वास आला, की घर जागे होई. मग थोरल्या भावाचे लग्न झाले आणि चिकमगळूरची भाभी सोलापूरला आमच्या घरी आली. तिकडे घरोघरी कॉफी! जवळच बाबा बुदनगिरीचा डोंगर आहे. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी हजहून परतताना यमनच्या मोखा बंदरातून कॉफीचे सात दाणे आणले आणि या डोंगरावर पेरले, असे तिकडचे लोक सांगतात.

भाभी कधी काही बोलली नाही. चहाचा कप हातात घेई आणि अर्धा तसाच ठेवी. अम्मीला वाटे, सुनेला आपल्या हातचे आवडत नाही. दोघींचे बोलणे कमी होऊ लागले.

मी तेव्हा बी.एड. करत होतो. खरे कारण माझ्या लक्षात आले. मी बाजारातून कॉफीची गाळणी घेऊन आलो. चांगली चकचकीत, शिवाय स्वस्त! ही गाळणी म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्या भांड्याच्या तळाला छिद्रे असतात. त्यात कॉफीची पूड घालायची, दांडीच्या चकतीने हलकेच दाबायची, उकळते पाणी ओतून झाकण ठेवायचे. खालच्या भांड्यात थेंब थेंब अर्क उतरतो. त्यात गरम दूध आणि साखर घालतात.

आमच्या गाळणीतून मात्र पाणी भराभर खाली आले. भाभी कॉफी प्यायली आणि म्हणाली, "छान झाली." मी कप उचलला, तर तळाशी गाळच गाळ!

"भाभी, खरे सांगा," मी म्हणालो.

ती हसली. "छिद्रे मोठी आहेत, भैया. पूडच खाली उतरते."

अम्मी हे ऐकत होती. ती उठली आणि म्हणाली, "याला भांड्यातले काय कळते? चल बेटी, आपण जाऊ."

मी पिशवी धरायला मागोमाग गेलो. भाभीने वरचे भांडे उजेडाकडे धरले. छिद्रे बारीक आणि सारखी हवीत. एक जरी मोठे असले, तरी पाणी तिथूनच पळते. मग तिने दोन्ही भांडी एकमेकांवर बसवून हलवून पाहिली. अम्मी बोटाने टकटक करून पत्रा पाहत होती. पितळेची गाळणी तिने बाजूला सारली. "कल्हई कोण करून देणार?" दुकानदार कंटाळला, पण त्या दोघींना कसली घाई! सातवी गाळणी पसंत पडली.

१९०८ साली जर्मनीत मेलिटा बेंट्झ या गृहिणीने पितळी भांड्याला खिळ्याने छिद्रे पाडली आणि त्यात मुलाच्या वहीतला टीपकागद घातला. कागदी गाळणी तेव्हापासूनची. पण कागद कॉफीतले तेल शोषून घेतो. दूध घालायचे, तर अर्क दाट हवा. त्याला आपली स्टीलची गाळणीच बरी.

नव्या गाळणीतून अर्क उतरायला वीस मिनिटे लागली. "एवढ्या वेळात दोनदा चहा झाला असता," अम्मी म्हणाली. तिने दोन घोट घेतले आणि तोंड वाकडे केले. "कडू आहे. पण गाळ नाही हं!"

अम्मी अजूनही चहाच पिते. रात्री पूड भरून, उकळते पाणी ओतून भाभीची गाळणी ओट्यावर ठेवते, तीही अम्मीच.