मूळव्याध म्हणून सोडून दिलेलं रक्त

बरीच वर्षं झाली, पण ती केस मी विसरलेलो नाही. एक निवृत्त शिक्षक, वय ५८. जिना चढताना दम लागतो म्हणून आले. हिमोग्लोबिन ८.२. "शौचातून रक्त जातं का?" मी विचारलं. "जुनी मूळव्याध आहे हो डॉक्टर, अधूनमधून जातं." मी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. दोन महिन्यांत हिमोग्लोबिन वाढलं, आम्ही दोघंही खूश.

आठ महिन्यांनी ते परत आले, तेव्हा वजन उतरलं होतं आणि उजव्या बरगडीखाली यकृत हाताला टणक लागत होतं. कोलोनोस्कोपीत मोठ्या आतड्याच्या डाव्या भागात कॅन्सरची गाठ निघाली, सीटी स्कॅनमध्ये यकृतात दोन.

"आजार आतड्याचा, मग लिव्हरमध्ये कसा गेला?" त्यांच्या पत्नीने विचारलं.

आतड्यातलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. पचलेल्या अन्नातले घटक आधी यकृताकडे पोचावेत म्हणून ते पोर्टल व्हेनमधून तिकडे जातं. गाठीतून सुटलेल्या पेशीही याच वाटेने जातात. म्हणून हा कॅन्सर सर्वात जास्त यकृतात पसरतो. निदान होतं तेव्हाच साधारण पाचातल्या एका रुग्णाच्या यकृतात तो पोचलेला असतो. गुदाशयाच्या अगदी खालच्या भागाचं रक्त मात्र यकृत टाळूनही जातं, त्यामुळे तिथला कॅन्सर आधी फुफ्फुसात दिसू शकतो.

धोका कोणाला जास्त? गाठ आतड्याच्या भिंतीत खोल गेली असेल, लिम्फ नोडमध्ये किंवा रक्तवाहिन्यांत पेशी सापडल्या असतील, पेशींचं रूप फार बिघडलेलं असेल, ऑपरेशनपूर्वी सीईए ही रक्तातली पातळी वाढलेली असेल, त्यांना. यातलं बरंचसं ऑपरेशननंतरच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं. तो जपून ठेवा, डॉक्टरांकडून समजून घ्या. ऑपरेशननंतर बरं वाटलं तरी सीईए आणि सीटी स्कॅनच्या तारखा चुकवू नका. यकृतातल्या गाठी मोजक्या असतील आणि लवकर सापडल्या, तर त्या काढता येतात. उरलेलं निरोगी यकृत पुन्हा वाढतं. काही रुग्ण त्यातून पूर्ण बरेही होतात.

गुरुजींच्या दोन्ही गाठी काढल्या, केमोथेरपी झाली. तीन वर्षं चांगली गेली. मग आजार उलटला आणि ते गेले. "तुम्ही तरी काय करणार होतात?" असं त्यांच्या पत्नी म्हणाल्या. काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं. पहिल्याच दिवशी कोलोनोस्कोपीची चिठ्ठी लिहायची होती. कॅन्सर त्या आठ महिन्यांत पसरला की आधीच पसरला होता, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. तो प्रश्न माझ्याजवळच राहिला.

म्हणून सांगतो. पन्नाशीनंतर शौचातून रक्त जात असेल, शौचाच्या सवयी बदलल्या असतील किंवा लोह कमी होऊन हिमोग्लोबिन घसरलं असेल, तर मूळव्याध आहे म्हणून गप्प बसू नका. मूळव्याध असलेल्या माणसालाही कॅन्सर होऊ शकतो. डॉक्टरांनी नुसत्याच गोळ्या दिल्या, तर विचारा, "रक्त नेमकं कुठून जातंय?"