जुनं गिऱ्हाईक

आमचं घर रामनगरला, पण सासूबाईंना कुणी गाव विचारलं की त्या अजूनही सुपाच सांगतात. काळी नदीवर १०१ मीटर उंचीचं धरण झालं आणि ऐंशीच्या दशकात जुनं सुपा त्याच्या पाण्याखाली गेलं. तिथलं सासऱ्यांचं किराणा दुकान इथं आलं, त्याच्या मागोमाग गिऱ्हाइकंही आली. तोलून झाल्यावर जुन्या माणसाच्या पिशवीत वर मूठभर घालायची, ही सासऱ्यांची रीत. आमच्या ह्यांनीही ती मोडली नाही.

म्हणून यंदा नेट आणि टीव्हीचा वर्षाचा करार संपला तेव्हा मला राग आला तो पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा. महिन्याचे ८४९ होते ते ९९९ झाले. वर १८ टक्के कर. म्हणजे महिन्याला १७७ रुपये जास्त, वर्षाला २१२४. आणि त्याच आठवड्यात शेजारणीनं तेच सगळं ८४९ ला घेतलं, कारण ती नवीन!

कंपनीला फोन लावला. कन्नडसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा, असं करत करत एक मुलगी आली. गोड बोलत होती बिचारी. म्हणाली, "मॅडम, ती ऑफर फक्त नव्या ग्राहकांसाठी आहे." मी म्हटलं, "बाई, आम्ही सहा वर्षं एक दिवस उशीर न करता पैसे भरलेत." ती म्हणाली, "धन्यवाद मॅडम." झालं!

शहरात असते तर दुसरी कंपनी बघते म्हणून धमकी दिली असती. इथं चारी बाजूंनी जंगल, मोबाइलची रेंज गच्चीच्या एका कोपऱ्यात, आणि गल्लीत वायर एकच. धमकी द्यायची कुणाला?

लाइनवाला मुलगा ओळखीचा. त्यानं हळूच सुचवलं, "वैनी, दादांच्या नावाचं बंद करा आणि तुमच्या नावानं नवीन घ्या." हे हसले, "तीस वर्षं एका घरात राहून मी जुना आणि तू नवी?" सासूबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाव बदलून स्वस्त घ्यायचं, तर उद्या आपल्या दुकानात कुणी असं केलं तर चालेल का?" कायद्यानं त्यात गैर काही नसेलही. पण त्यानंतर माझ्याच्यानं ते झालं नाही.

मग मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर आठ दिवस लिहून काढलं, घरात कोण काय बघतं. सासूबाईंचं सकाळचं प्रवचन. माझी एक मालिका (दोन म्हणा). ह्यांच्या बातम्या, आणि क्रिकेट असेल तेव्हा क्रिकेट. चॅनेल सात निघाले, आणि पैसे भरत होतो अडीचशेंचे! त्या सातांतले चार तर फुकटचेच.

२०१९ च्या फेब्रुवारीत ट्रायचा नवा नियम आला तेव्हा पेपरात वाचलं होतं, की पॅकेज घ्यायची सक्ती नाही, चॅनेल सुटे घेता येतात. आधी १३० रुपये आणि कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. त्यात फुकटचे चॅनेल यायचे. पुढं विकतच्या चॅनेलचे पैसे वेगळे. २०२४ मध्ये त्या १३० ची मर्यादाही काढून टाकली, पण आमच्याकडे अजून तेवढेच घेतात. नियम माहीत असूनही पाच-सहा वर्षं आम्ही पॅकेजच घेत राहिलो, निवडायचा कंटाळा म्हणून. चातुर्मासात वस्तूंची मर्यादा घालून घेणारी मी, पण चॅनेल कधी मोजले नव्हते.

मी सुटे चॅनेल तीन घेतले, चाळीस रुपयांचे. क्रिकेटवर फुली मारली, हे दोन दिवस गप्प होते. नेट कमी वेगाचं घेतलं, ४९९ चं. कर धरून सगळे ७८९ रुपये.

आणखी एक केलं. पावसाळ्यात झाड पडून लाइन बंद राहिली ते दिवस मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवले होते. तेवीस दिवस भरले. ते तारखांसकट सांगितले, तक्रारीचा नंबर मागून घेतला, तेव्हा पुढच्या बिलात तेवढे पैसे वळते झाले. न मागता कुणी दिले नसते.

"तूपण भाव वाढवतोस की," रात्री सासूबाई ह्यांना म्हणाल्या. हे म्हणाले, "वाढवतो. डिझेल वाढलं की वाढवतो. पण जुन्याला जास्त आणि नव्याला कमी, असं कधी केलं नाही." त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

सूर्यास्ताआधी जेवणं आटोपली की पुण्याहून लेकीचा व्हिडिओ कॉल येतो. आता नात मधेच थिजते, तोंड उघडं ठेवून. सासूबाई काठी टेकत फोनजवळ सरकतात आणि विचारतात, "अगं, ही बोलते कधी?" जास्त वेगाचं नेट घ्यायचं तर २९५ रुपये जास्त. वहीत तो आकडा लिहून ठेवलाय, अजून खोडला नाही.