पित्ताच्या गोळीची नोंद

बायोप्सीची बाटली लॅबमध्ये बहुतेक वेळा रुग्णाचा मुलगा नाहीतर जावई आणून देतो. फॉर्मॅलिनमध्ये तळाशी कणीएवढे दोन-तीन तुकडे. सोबतच्या कागदावर नाव, वय आणि 'जठरातील पॉलिप'. चालू औषधांचा रकाना कोरा. जठराच्या बायोप्सीत हा रकाना कोरा असला की निम्मी हकीकत हातातून गेलेली असते.

*

परवा एक काकू स्वतःच बाटली घेऊन आल्या. विचारलं, "काकू, औषधं कुठली चालू आहेत?"

"बीपीची एक. बाकी काही नाही."

"आणि पित्ताची गोळी?"

"ती होय? ती रोज सकाळी उपाशीपोटी घेते की. ती काय औषधात धरायची?"

किती वर्षं, ते त्यांना सांगता येईना. गुडघ्यासाठी वेदनाशामक चालू होतं तेव्हा 'गोळ्या गरम पडू नयेत' म्हणून ही जोडीला आली. गुडघ्याची गोळी केव्हाच थांबली, ही राहिली. औषधाच्या दुकानात रिकामी स्ट्रिप दाखवायची, नवी घ्यायची. चिठ्ठी कुणी मागत नाही.

*

'पॉलिप' हा शब्द रिपोर्टात वाचला की घरात रडारड होते. म्हणून आधी हे: जठरातले सगळे पॉलिप एका जातीचे नसतात. हायपरप्लास्टिक पॉलिप बहुधा दीर्घकाळ सुजलेल्या जठरात येतो. मागे हेलिकोबॅक्टर पायलोरीचा संसर्ग असू शकतो. अ‍ॅडिनोमा कर्करोगाकडे जाऊ शकतो, त्यामुळे तो काढावाच लागतो. तिसरा फंडिक ग्लँड पॉलिप. तो जठराच्या वरच्या आणि मधल्या भागात येतो, गुळगुळीत आणि चकचकीत असतो, सहसा पाच मिलिमीटरहून लहान आणि पुष्कळदा एकटा नसतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत (2009) जठरातल्या पॉलिपांपैकी सुमारे 77 टक्के या तिसऱ्या जातीचे निघाले, अ‍ॅडिनोमा एक टक्काही नव्हते. हेलिकोबॅक्टर जिथे घरोघरी आहे तिथे हे प्रमाण असंच राहत नाही, कारण संसर्ग असलेल्या जठरात फंडिक ग्लँड पॉलिप क्वचितच आढळतो.

*

काकूंची स्लाइड. जठराच्या ग्रंथी एरवी सरळ, अरुंद, एकमेकींना खेटून उभ्या असतात. इथे काही ग्रंथी फुगून त्यांच्या पोकळ्या झाल्या होत्या. पोकळीच्या कडेला आम्ल तयार करणाऱ्या गुलाबी पेशी आणि मधूनमधून पेप्सिनच्या निळसर पेशी, काही ठिकाणी अगदी चपट्या झालेल्या. शेजारच्या न फुगलेल्या ग्रंथींत गुलाबी पेशी नेहमीपेक्षा टपोऱ्या, त्यांची टोकं ग्रंथीच्या आत डोकावत होती. केंद्रकं शांत, एकसारखी. कर्करोगाकडे जाणारं काही नाही. ही टपोरी गुलाबी पेशी दिसली की मी पित्ताच्या गोळीची चौकशी करते.

*

असं का होतं? ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल या सगळ्या गोळ्या त्या गुलाबी पेशीतला आम्लाचा पंप बंद पाडतात. आम्ल घटलं हे जठराच्या खालच्या भागाला कळतं आणि तिथल्या पेशी गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतात: आम्ल कमी पडतंय, वाढवा. गुलाबी पेशींपर्यंत निरोप पोचतो, त्यांचं आकारमान वाढतं, पण पंप बंदच. वाढलेल्या पेशींमुळे ग्रंथीचं तोंड अडतं, आत स्राव साठतो आणि ग्रंथी फुगते, असं स्पष्टीकरण दिलं जातं. मला ते पटतं, कारण स्लाइडवर दिसतं ते याच्याशी जुळतं.

*

या पॉलिपचं वर्णन जर्मनीत एल्स्टर यांनी 1976 साली केलं. ओमेप्राझोल बाजारात आलं 1988 साली. म्हणजे पॉलिप गोळीच्या आधीचा आहे, गोळी न घेणाऱ्यांतही तो होतो. ओमेप्राझोल दीर्घकाळ घेताना जठरात पॉलिप आल्याची नोंद ऑस्ट्रेलियातून 1992 साली झाली. मग नेदरलँड्समधला 2006 चा अभ्यास: दुर्बीण झालेले 599 रुग्ण. गोळी वर्षापेक्षा कमी काळ घेणाऱ्यांत धोका वाढलेला दिसला नाही. पाच वर्षांहून जास्त घेणाऱ्यांत तो जवळपास चौपट होता. पित्ताचा त्रास असलेल्यांचीच दुर्बीण जास्त होते, त्यामुळे पॉलिपही त्यांच्यातच सापडतात, अशी शंका मी पुष्कळदा ऐकते. पण इथे दुर्बीण सगळ्यांचीच झालेली होती, आणि काळाबरोबर वाढत जाणारा धोका त्या शंकेने उलगडत नाही.

*

या गोळीविषयीच्या भीतीचा इतिहास या अभ्यासांहून जुना आहे. उंदरांना आयुष्यभर ओमेप्राझोलचे मोठे डोस दिल्यावर त्यांच्या जठरात कार्सिनॉइड गाठी आल्या आणि 1984 साली माणसांवरच्या चाचण्या काही काळ थांबल्या. गाठींचं कारण वाढलेलं गॅस्ट्रिन, असा निष्कर्ष निघाला आणि काम पुढे सुरू झालं. माणसांत इतक्या वर्षांच्या वापरानंतर तसं चित्र दिसलेलं नाही. पण गॅस्ट्रिन वाढतं, हे खरंच आहे.

*

रकाना कोरा राहण्याचा आणखी एक तोटा. या गोळीने हेलिकोबॅक्टर लपतो. जठराच्या खालच्या भागातून तो वर सरकतो. फक्त खालचा तुकडा घेतला तर स्लाइडवर जंतू सापडत नाही आणि आम्ही 'नाही' असं लिहून मोकळे होतो. श्वासाची किंवा शौचाची चाचणी करायची तर गोळी दोन आठवडे आधी थांबवावी लागते. ती चालू आहे हेच ठाऊक नसेल, तर थांबवायला सांगणार कोण?

*

रिपोर्ट हातात पडल्यावर काकूंचा मुलगा म्हणाला, "मग उद्यापासून बंदच करतो."

तसं करू नका, म्हटलं. आधी ती कशासाठी आहे ते डॉक्टरांना विचारा. अँजिओप्लास्टीनंतर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ही गोळी रक्तस्रावापासून वाचवते. अल्सर फुटून गेलेला असेल, अन्ननलिकेला इजा झालेली असेल, तर ती हवीच. अशांच्या जठरात चार निरुपद्रवी पॉलिप आले तरी चालतील.

शिवाय एकदम थांबवली की उसळी येते. डेन्मार्कमध्ये 120 धडधाकट माणसांवर प्रयोग झाला. पित्ताचा त्रास कुणालाच नव्हता. निम्म्यांना आठ आठवडे इसोमेप्राझोल दिलं, मग थांबवलं. पुढच्या चार आठवड्यांत त्यांतल्या 44 टक्क्यांना जळजळ, घशाशी येणं असले त्रास झाले. खोटी गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण 15 टक्के होतं. 'बघा, गोळीशिवाय राहवत नाही' असं लोक म्हणतात तेव्हा त्यातला काही त्रास गोळी थांबवण्याचाच असतो. डोस हळूहळू उतरवायचा, जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवायचं, उसळीचे दिवस काढायचे. हे कुणीतरी आधी सांगितलेलं असलं की धीर टिकतो.

*

एक अपवाद मात्र ठळक लिहून ठेवते. वय तिशीतलं, जठरात डझनावारी पॉलिप, लहान आतड्याच्या सुरुवातीलाही अ‍ॅडिनोमा: अशा वेळी खापर गोळीवर फोडून चालत नाही. घराण्यात चालणारा मोठ्या आतड्याचा पॉलिपोसिस असू शकतो. वडिलांना, काकांना, आत्याला आतड्याचा कर्करोग झाला होता का, हे विचारायचं आणि कोलोनोस्कोपी करायला सांगायचं.

*

"पुन्हा दुर्बीण कधी?" हा ठरलेला प्रश्न. फंडिक ग्लँड पॉलिप, पेशी व्यवस्थित, संख्या थोडी, घराण्यात काही नाही: यासाठी दरवर्षी दुर्बीण घालून घेण्याची गरज नसते. एक सेंटिमीटरहून मोठा असेल, पृष्ठभागावर व्रण असेल किंवा तो जठराच्या खालच्या भागात असेल, तर नुसता चिमटा पुरत नाही. अख्खा काढून तपासायला पाठवावा. गोळी थांबवल्यावर हे पॉलिप लहान झाल्याच्या, नाहीसे झाल्याच्याही नोंदी आहेत. काकूंच्या डॉक्टरांनी गोळी सध्या एक दिवसाआड केली आहे.