जर्मन घराला पडवी

मामाने जर्मनीहून घराचं किट आणलं. फॅलर कंपनीचं. ब्लॅक फॉरेस्टमधल्या ग्युटेनबाख नावाच्या गावात 1946 साली दोन भावांनी ही कंपनी काढली. खोक्यात प्लॅस्टिकच्या फ्रेमला लटकलेल्या भिंती, खिडक्या, छप्पर. स्केल एचओ, म्हणजे 1:87. सोपं गणित सांगते, एक फूट म्हणजे साडेतीन मिलिमीटर!

सुट्टीत वालावलला आजोबांच्या समोरच पसारा मांडला. लक्ष्मीनारायणाच्या तळ्यावरून फिरून आले की ते खुर्ची ओढून बसायचे. मी कटरने भाग सुटे करायचे, कडा घासायच्या, ब्रशच्या टोकाने ग्लू लावायचा. (हा ग्लू फेव्हिकॉलसारखा नुसता चिकटवत नाही, प्लॅस्टिकचा पृष्ठभागच विरघळवतो आणि दोन भाग एक होतात. एकदा बसलं की बसलं.)

घर उभं राहिलं तसे आजोबा म्हणाले, "ह्याका पडवी खंय गो? पाऊस सरळ भितीर येतलो."

मग चिमणीवर घसरले. "ही कित्याक? धूर कौलांतसून जाता."

बरोबरच होतं. ते छप्पर बर्फ घसरून पडावा म्हणून उभं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही वाऱ्याबरोबर आडवा. म्हणून वळचण खाली उतरवायची आणि चारी बाजूंनी पडवी. सिव्हिलच्या दोन वर्षांत हे मला इतक्या सरळ कुणी सांगितलं नव्हतं. पावळी, माजघर, खळं हे शब्दही कॉन्व्हेंटच्या कृपेने मी तेव्हाच नीट ऐकले.

चिमणी उडवली. पुठ्ठ्याची पडवी जोडली, आठ फुटांची, म्हणजे 28 मिलिमीटर. भिंतींना चिऱ्याचा तांबूस रंग, तो वाळल्यावर पातळ काळ्या रंगाचा हात, चार पावसाळे खाल्लेल्या भिंतीसारखा. छपरावर कौलांच्या ओळी सुईने कोरल्या. गंमत म्हणजे ही मंगलोरी कौलंही अस्सल देशी नव्हेत. बासेल मिशनच्या लोकांनी 1865 मध्ये मंगळूरला कारखाना काढला, तेव्हापासूनची.

आता ते जर्मन घर राहिलं नव्हतं, आमचं झालं होतं. आणि आमचं घर मे महिन्यात उतरवायचं ठरलंय. वासे वाळवीने खाल्लेत, मामाला स्लॅब हवाय. त्याचंही चुकत नाही, दरवर्षी कौलं चाळायला माणसं मिळत नाहीत. आजोबा या विषयावर हो म्हणालेत, त्यापुढे एक शब्द नाही.

छप्पर मी चिकटवलेलं नाही. आजोबा ते दोन बोटांनी उचलतात आणि आत बघत राहतात. परवा म्हणाले, "माजघरात इतको उजेड कधी नाय होतो."

मी मागच्या दोन खिडक्या पुट्टीने बुजवल्या.