खोट्या माशीची अस्सल लोकर

खऱ्या वस्तूविषयी मनुष्याने आग्रह धरावा यात नवल नाही. परंतु खोटी वस्तूसुद्धा अस्सल द्रव्याचीच असावी असा त्याचा हट्ट असतो, ही मौज आम्हांस पन्नाशी उलटल्यावर विलायतेत पाहावयास मिळाली.

विल्टशर परगण्यात एव्हन नदीच्या काठी आमचा पुतण्या राहतो. त्यास कृत्रिम माश्या बांधण्याचा नाद आहे. आपल्याकडे गळाला गांडूळ अथवा कणकेची गोळी लावतात. तिकडे ट्राउट माशासाठी गळावरच लोकर, केस व पिसे गुंडाळून किड्याची प्रतिकृती करतात. लहानशा पकडीत गळ धरावयाचा, मेण लावलेल्या दोऱ्याला चिमूटभर लोकर पिळून चिकटवावयाची आणि तो दोरा दांड्यावर गुंडाळीत न्यावयाचा, की झाले माशीचे अंग! ज्या कलेचा शेवट माशाच्या जबड्यात व्हावयाचा, तिचे कौतुक आम्हां शाकाहारी माणसांनी करू नये हे खरे. तथापि बोटांचे ते कसब पाहताना आमचा शाकाहार घटकाभर गप्प बसे.

आता हे अंग कशाचे असावे? येथे पंथभेद सुरू होतात. इसवी सनाच्या २०० च्या सुमारास ईलियन या रोमन ग्रंथकाराने मॅसिडोनियातील माशीचे वर्णन केले, त्यात तांबडी लोकर आहे. १४९६ साली इंग्लंडात छापलेल्या गळाच्या ग्रंथात बारा माश्या आहेत; त्यांची अंगेही बहुतेक लोकरीचीच. पुढे साम्राज्य वाढले तशी माशीची चैन वाढली. सीलची चकचकीत लव आली, दूरदेशीच्या पक्ष्यांची पिसे आली. आपल्या सह्याद्रीत आरवणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरील पिसेही साता समुद्रांपलीकडे सामन माशाच्या गळावर जाऊन बसली.

१९७२ साली अमेरिकेने सागरी सस्तन प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा केला आणि त्याच वर्षी आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला. सीलच्या जागी बोकडाचे केस आले. गालिच्यांसाठी निर्माण केलेला ॲन्ट्रॉन हा नायलॉनचा धागाही आला. गॅरी लाफाँटेन या अमेरिकन लेखकाने पाण्यात बुडी मारून पाहिले, तेव्हा वर येणाऱ्या काही किड्यांभोवती हवेची लकाकी आढळली. तशी लकाकी या धाग्याने साधते, असे त्याने १९८१ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले. गालिच्याचा धागा येथे नुसता अडचणीचा सोबती राहिला नाही. जे लोकरीला साधले नव्हते ते त्याने साधले.

तरीही अस्सलाची ओढ सुटत नाही. २००९ साली इंग्लंडातील ट्रिंग येथील संग्रहालयातून एका तरुणाने पक्ष्यांची २९९ कातडी चोरली, ती जुन्या धाटणीच्या माश्यांच्या शौकिनांना पिसे विकण्यासाठी. पुष्कळ कातड्यांवरील चिठ्ठ्या नाहीशा झाल्या. चिठ्ठी गेली म्हणजे तो पक्षी कोठे व केव्हा मिळाला हे ज्ञानही गेले. हौसेच्या पदार्थासाठी केवढे हे मोल!

वाचकहो, याच एव्हन नदीवर फ्रँक सॉयर नावाचे नदीरक्षक होऊन गेले. त्यांनी एका माशीतून रेशमी दोराच काढून टाकला व तांब्याची बारीक तार घेतली. बांधणीही झाली आणि वजनही मिळाले. त्यांच्या दुसऱ्या एका माशीचे अंग रफूच्या लोकरीचे. चॅडविकची ४७७ क्रमांकाची ही करडी लोकर भिजली की गुलाबी छटा दाखवी. पुढे ती निघेनाशी झाली. जिचा जन्म फाटके सांधण्यासाठी झाला, तिची जुनी कार्डे आता शौकीन लोक भारी किमतीस घेतात व देव्हाऱ्यातल्या वस्तूप्रमाणे जपतात!

आमच्या पुतण्याने मात्र एके दिवशी सौभाग्यवतींच्या विणकामाकडे रोखून पाहिले. “काकू, त्या करड्या लोकरीतली हातभर द्याल का?” लोकर मिळताच त्याने ती पाण्यात बुडविली, खिडकीशी धरली आणि म्हणाला, “जमले!” दुसऱ्या दिवशी त्या माशीला ग्रेलिंग मासा लागला, पुतण्याने तो हलकेच पाण्यात परत सोडला. स्वेटर कोणाचा होता, हे माशाने विचारले नाही.

आमच्या मीमांसकांनी प्रतिनिधिद्रव्याचा खल पूर्वीच केला आहे. व्रीही न मिळाल्यास नीवार घ्यावा, सोम न मिळाल्यास पूतीक. प्रतिनिधी मुळाशी सदृश असावा, पण द्रव्यावाचून कर्म अडू नये. घरच्या पूजेत वस्त्रालंकारांच्या जागी आपण अक्षता वाहतो, आणि देव रुसल्याचे ऐकिवात नाही.

अध्यापनात जन्म गेल्यामुळे आम्हांस या कथेत शिष्यांचे दोन वर्ग दिसतात. एक गुरूची लोकर जपतो. दुसरा, गुरूने जसे रफूच्या टोपलीत पाहिले तसे, आपल्या घरच्या टोपलीत पाहतो. पहिल्याची भक्ती थोर असेल. परंतु परंपरा पुढे चालते ती दुसऱ्यामुळे, आणि तिच्यापायी रानातल्या कोंबड्याला मानही द्यावी लागत नाही.