हिरवा तंगूस

बरेच शनिवार झाले, इथे काही लिहिलं नाही. ऑफिसातलं रिलीज, मुलाची परीक्षा वगैरे नेहमीची कारणं आहेतच. पण खरं कारण असं की जे लिहायचं होतं ते लिहायची लाज वाटत होती. आज लिहूनच टाकतो.

तंगूस म्हणजे काय हे कोकणातल्या मंडळींना सांगायला नको. देशावरच्या वाचकांसाठी : मासे गरवायला वापरतात तो नायलॉनचा एकपदरी, गुळगुळीत धागा. दिसायला अगदी निरुपद्रवी. ह्या धाग्याने माझ्या मावसभावाच्या होडीचं मशीन फोडलं, आणि तो धागा माझा होता.

माझी मावशी देवबागला असते. मालवणहून तारकर्ली मागे टाकून तसंच पुढे गेलं की जमिनीची एक चिंचोळी पट्टी लागते. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी. पट्टी संपते तिथे दोन्ही पाणी एकत्र येतं. पलीकडे भोगवे. दादाची (म्हणजे मावसभावाची) फायबरची होडी आहे आणि तिच्या मागे ४० अश्वशक्तीचं आउटबोर्ड मशीन. पावसाळा सोडला की पर्यटकांना संगम, डॉल्फिन, त्सुनामी आयलंड असं फिरवून आणायचं हा त्याचा धंदा. पाऊस आला की होडी वर ओढायची आणि झापांनी झाकून ठेवायची. म्हणजे वर्षाची सगळी कमाई आठ महिन्यांत, आणि त्यातही खरी कमाई नाताळ ते मे.

डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही सगळे तिकडे गेलो होतो. मी जाताना पुण्याहून एक झकास फिशिंग रॉड घेऊन गेलो. रीलवर ऑनलाइन मागवलेला तंगूस, रंग पोपटी, रात्री चमकेल असा. मावशी म्हणाली, "ह्या बघून मासो येतलो की पळतलो?" असो.

सकाळी पर्यटक यायच्या आधी दादाने मला खाडीत नेलं. मी मागे बसून गळ सोडला, होडी हळूहळू पुढे. दादाने एकच गोष्ट बजावली होती : "मी होडी वळवतंय म्हटलंय की दोरी गुंडाळून घे." तो म्हणाला, "वळवतंय." मी मोबाइलवर कांदळवनाचा फोटो काढत होतो. रील एकदम किंचाळली, सगळा तंगूस सरसर पाण्यात निघाला. मी घाबरून खिशातल्या चाकूने तो कापला. दादाने मागे बघून विचारलं, "काय झाला?" मी म्हटलं, "काही नाही, खडकात अडकला." मशीन तर मस्त चालू होतं. काहीच झालं नव्हतं ना!

हे असं मी ऑफिसात कुणाला करू देत नाही. एखाद्याने रात्री प्रॉडक्शनवर काहीतरी हलवलं आणि "चालतंय की" म्हणून न सांगता झोपला, तर दुसऱ्या दिवशी मीच त्याला तासभर ऐकवतो.

त्या रीलच्या किंकाळीचं गणित मी नंतर केलं. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल, तर मधल्या गिअरमुळे पंखा (कोकणात प्रोपेलरला पंखाच म्हणतात) साधारण निम्म्या वेगाने फिरतो. म्हणजे सेकंदाला २५ फेरे. शाफ्टची जाडी एक इंचभर धरली तर एका फेऱ्याला आठ सेंटिमीटर धागा गुंडाळला जाणार. सेकंदाला दोन मीटर! मी घाबरून खिसा चाचपून चाकू उघडेपर्यंत दहा सेकंद तरी गेलीच असतील. वीस मीटर तंगूस, एका इंचाच्या दांड्यावर.

तो गुंडाळला जातो कुठे, ही खरी गोम आहे. पंख्याच्या पात्यांवर राहिला असता तर वाकून कुणालाही दिसला असता. पण तो सरकत सरकत पंखा आणि त्याच्या पुढचं गिअरचं घर यांच्यामधल्या फटीत जातो. तिथे बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. त्या फटीच्या आत शाफ्टभोवती रबराची सील असतात. आतलं तेल आत आणि बाहेरचं पाणी बाहेर, हे सगळं त्या सीलच्या पातळ ओठांवर अवलंबून. नायलॉन ताणला जातो आणि ताण सुटला की आखडतो. त्यामुळे प्रत्येक नवा वेढा आधीच्या वेढ्याला आवळतो. वीस मीटरचा मिळून एक टणक मुटका होतो, तो सीलच्या दिशेने रेटला जातो, घर्षणाने तापतो, वितळतो. खाडीत वाळू असतेच. वितळलेला नायलॉन आणि वाळू म्हणजे घरगुती कानसच झाली की.

आणि सील फाटलं तरी मशीन बंद पडत नाही! तेलाचा एखादा थेंब बाहेर जातो, खाडीच्या पाण्यावर कुणाला दिसणार? दिवसभर चालून तापलेलं गिअरचं घर संध्याकाळी पाण्यात उभं राहून थंड होतं, आतली हवा आकसते आणि फाटक्या सीलमधून पाणी ओढून घेते. रोज थोडं थोडं. खारं पाणी तेलात मिसळून तेल दुधाच्या चहासारखं होतं. मग बेअरिंगांना गंज, मग गिअरचे दात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एका रविवारी मावशीचा फोन आला. एरवी मावशी फोनवर आधी जेवलात का विचारते. त्या दिवशी नाही विचारलं. दादा आठ पर्यटकांना घेऊन संगमाच्या तोंडाशी होता, त्यात दोन लहान मुलं. ओहोटी लागलेली. खालून करकर आवाज आला, मग एक ठोका, आणि पंखा फिरायचा थांबला. इंजिन चालू, होडी ढिम्म. ओहोटीचं पाणी होडीला बाहेर ओढत होतं, जिथे लाटा वाळूच्या दांड्यावर फुटतात तिकडे. आडव्या होडीला अशी एक लाट पुरते. दादाने नांगर टाकला. पहिल्यांदा तो वाळूत घसरला, दुसऱ्यांदा धरला. शेजारच्याच एका होडीवाल्याने दोर टाकून ओढून आणलं. सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट होती, कुणाला खरचटलंही नाही. हे सांगताना मावशीचा आवाज कापत होता.

संध्याकाळी दादाने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. मालवणच्या मिस्त्रीने पंखा काढला होता आणि शाफ्टवर एक जाड, काळपट, अर्धवट वितळलेली अंगठी होती. एका कडेला मात्र तिचा मूळ रंग शाबूत होता.

पोपटी.

खाली दादाने लिहिलं होतं : "पर्यटक लोक खयसून असलो तंगूस हाडतत देवाक म्हायत."

मी फोटोवर अंगठा दाखवला. हो, अंगठा. मला दुसरं काही सुचलं नाही. चार दिवस काढले. मग शुक्रवारी रात्रीची गाडी पकडली.

मिस्त्रीकडे मशीन उघडून ठेवलेलं होतं. दोन्ही सील गेली होती, बेअरिंगं गेली होती, गिअरचे तीन दात तुटले होते. त्याने मला शाफ्टवरून नख फिरवायला सांगितलं. नख अडकलं. तंगुसाने चांगल्या पोलादात खाच पाडली होती! तिथेच नवं सील बसवलं तर तेही गळणार. शाफ्ट बदलायचा तर बाहेरून मागवावा लागणार आणि सीझन जाणार. मिस्त्रीने युक्ती केली, नवी सील दोन-एक मिलिमीटर अलीकडे बसवली, म्हणजे त्यांचे ओठ खाच सोडून गुळगुळीत जागेवर टेकतील. हा माणूस आमच्या कंपनीत आर्किटेक्ट म्हणून शोभला असता. बिल झालं २६,००० आणि होडी सतरा दिवस किनाऱ्यावर.

परतताना मी दादाला सांगितलं. होडी वळवताना मी फोटो काढत होतो, खडक वगैरे काही नव्हता, सगळं. तो स्कूटर चालवत होता, मी मागे बसलो होतो. समोरासमोर मला ते जमलं नसतं.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "रील वाजलली माका आयकाक इली होती. माका तेव्हाच ठावक होता." मी विचारलं, मग काही बोलला का नाहीस? तर म्हणे, "तू पाव्हणो. आणि नाताळाची गर्दी होती, धा मिनटा कोण घालवता? त्याच दिशी पंखो काढूक होयो होतो. ता माझा काम." थोडं थांबून, "पण तू सांगलं असतंस तर काढलं असतंय."

हे शेवटचं वाक्य तो अजिबात रागाने बोलला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

बिलातली अर्धी रक्कम त्याने घेतली, अर्धी घेतली नाही. किती वाद घातला तरी नाही.

पुण्याला आल्यावर मी जे सगळे इंजिनिअर करतात तेच केलं, म्हणजे उपकरण शोधलं. पंख्याच्या मागे बसवायच्या धारदार कडा असलेल्या चकत्या मिळतात, तंगूस आत शिरायच्या आधी त्याचे तुकडे करतात. तंगूस अडकवून ठेवणारी खाच असलेले वॉशरही असतात. उपयोगी आहेत, नाही असं नाही. मी मागवलेली चकती दादाच्या मशीनला बसली नाही. ती त्याने मावशीला दिली, ती आता नारळाच्या झावळ्या तासायला वापरते.

दादाने स्वतः जे सुरू केलं ते फुकटचं आहे. दर सोमवारी सकाळी इंजिन बंद, किल स्विचची दोरी काढून खिशात, मशीन वर उचललेलं. पिन सरळ करून काढायची, नट सोडायचा, पंखा ओढून घ्यायचा, त्यामागचा जाड वॉशर कुठल्या बाजूने होता ते लक्षात ठेवून काढायचा. तंगूस असेल तर टोक शोधून उलटा उलगडायचा. शाफ्टवर चाकू चालवायचा नाही, एक ओरखडासुद्धा नव्या सीलचा जीव घेतो. मग शाफ्टवर पाण्याने न धुतलं जाणारं ग्रीस, वॉशर, पंखा, नट, आणि पिन नवीन. जुनी वाकवलेली पिन पुन्हा वाकवली की तुटते, आणि मग तंगुसाची काळजी करायचं कारण उरत नाही, पंखाच खाडीच्या तळाशी जातो.

महिन्यातून एकदा तेल. रात्रभर मशीन सरळ उभं ठेवायचं आणि सकाळी खालचा स्क्रू जरासा ढिला करायचा. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसलेलं असतं. आधी पाण्याचे थेंब आले तर सील गेलं असं समजायचं. तेल भरायचं तेही खालच्याच भोकातून, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, म्हणजे आत हवा राहत नाही. आधी वरचा स्क्रू लावायचा, मग खालचा. मी ही सगळी यादी छापून, प्लास्टिकात घालून त्याला दिली. ती भिंतीवर आहे, कालनिर्णयच्या मागे.

आणि आपल्यासारख्या हौशी लोकांसाठी : होडी वळताना तंगूस आत घ्या. तुटलेला पाण्यात सोडू नका. नायलॉन समुद्राच्या पाण्यापेक्षा जड असतो, तळाशी जातो, तिथे सडत नाही, आणि ओहोटीच्या उथळ पाण्यात कुठला ना कुठला पंखा त्याला वर खेचतोच. पंख्यात गेलाच, तर चालवणाऱ्याला त्याच क्षणी सांगा. गिअर न्यूट्रल, इंजिन बंद, मशीन वर. मागे-पुढे जोरात रेस करून तो कधी तुटतो, पण आतला मुटका आतच राहतो आणि सगळ्यांना वाटतं की सुटला.

डिसेंबर २०२४ ला पुन्हा गेलो होतो. रॉड घरीच ठेवला. सोमवारी सकाळी दादाने पाना माझ्या हातात दिला आणि स्वतः मशेरी लावत बाजूला उभा राहिला. नट घट्ट होता, पायाखाली चिखल, पंखा सुटला तेव्हा मी जवळजवळ पाठीवर पडलो. फटीत वीतभर निळा धागा होता, कुठल्या तरी जाळ्याचा.

"तुझो नाय मां?" दादा म्हणाला.

मी तो उलगडून खिशात घातला.