एका भिंतीची दोन मंदिरे

जर्मनीतील म्युनिक शहराहून आगगाडीत बसले की तासाभराच्या आत आउग्सबुर्ग येते. रोमन बादशहा ऑगस्टस याच्या काळी वसलेले व त्याचेच नाव धारण करणारे हे शहर आमच्या गोवेकर वाचकांस अगदीच परके म्हणता येणार नाही. १५०५ साली पोर्तुगालचा पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा हिंदुस्थानाकडे निघाला, तेव्हा त्याच्या ताफ्यातील काही गलबतांत मिरीच्या आशेने या शहरातील सावकारांनी पैसा गुंतविला होता. परंतु आम्ही तेथे गेलो ते मिरीचा इतिहास धुंडाळण्यासाठी नव्हे. एकच पवित्र शास्त्र वाचणारे ख्रिस्ती लोक एकमेकांपासून कसे दुरावले, आणि पुन्हा एकमेकांकडे कसे वळले, हे या शहराच्या रस्त्यांतून हिंडताना डोळ्यांना दिसते, असे आम्ही ऐकले होते.

शहराच्या जुन्या हमरस्त्याच्या दक्षिण टोकास संत उलरिक व संत आफ्रा यांचे भव्य मंदिर आहे. त्याच्या उंच मनोऱ्यावर कांद्याच्या आकाराचा घुमट आहे. या मंदिराच्या पुढ्यात, त्याला अगदी चिकटून, एक लहान मंदिर उभे आहे. प्रथम आम्हांस वाटले, मोठ्या देवळाचा हा दर्शनी मंडपच असावा. चौकशी केली तेव्हा कळले की मोठे मंदिर कॅथलिकांचे आणि लहान मंदिर ल्यूथरपंथीयांचे. दोहोंवर नाव मात्र संत उलरिकचेच. हे लहान मंदिर मुळात मठाचे उपदेशगृह होते. सोळाव्या शतकात शहरात फूट पडली, आणि ज्या घरात सर्वांनी मिळून देवशब्द ऐकावा, ते घर एका पक्षाकडे गेले.

मोठ्या मंदिराच्या तळघरात संत आफ्रा व संत उलरिक यांच्या कबरी आहेत. आफ्रा सुमारे ३०४ साली ख्रिस्तासाठी हुतात्मा झाली. महागुरू उलरिक ९७३ साली निवर्तले. आम्ही तेथे गुडघे टेकले तेव्हा मनात आले, ही दोघे मेली तेव्हा भिंतीपलीकडचे मंदिर आणि अलीकडचे मंदिर असा भेद जन्मालाही आला नव्हता. म्हणजे ही भिंत ज्यांच्या मधून गेली, त्यांचे पूर्वज एकच!

तेथून आम्ही संत आन्नाच्या मंदिराकडे वळलो. पूर्वी हा कार्मेलाइट संन्याशांचा मठ होता. १५१८ सालच्या ऑक्टोबर महिन्यात मार्टिन ल्यूथर येथेच उतरला होता. पोपमहाशयांचे प्रतिनिधी कार्डिनल कायेतान यांच्यापुढे त्याला आपल्या मतांचा जबाब द्यावयाचा होता. भेट फुग्गर नावाच्या धनाढ्य सावकारांच्या वाड्यात झाली. समेट झाला नाही. यातील आपल्या बाजूचा दोष आपण झाकू नये. पापक्षमेनंतर उरणाऱ्या दंडाची माफी, जिला इंदुल्जेंस म्हणतात, तिच्या नावाने त्या काळी जर्मनीत पैसा गोळा होत होता. त्यातील निम्मा रोममधील संत पेत्राच्या मंदिराच्या बांधकामासाठी होता, आणि निम्मा माइन्ट्सच्या आर्चबिशपांनी काढलेले फुग्गरांचे कर्ज फेडण्यासाठी! ल्यूथरच्या १५१७ सालच्या निषेधाला कारण नव्हते, असे कोणाही प्रामाणिक कॅथलिकास म्हणता येणार नाही.

परंतु पैशाचा प्रश्न मागे पडला व शास्त्राच्या अर्थाचा प्रश्न पुढे आला. देवापुढे पापी मनुष्य नीतिमान ठरतो तो कशाने? संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे की, मनुष्य नियमशास्त्राच्या कर्मांवाचून, विश्वासाने नीतिमान ठरतो. ल्यूथरने १५२२ साली आपल्या जर्मन भाषांतरात येथे ‘केवळ’ हा शब्द घातला. कॅथलिक पंडितांनी संत याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय उघडून दाखविला. तेथे म्हटले आहे की, कर्मांवाचून विश्वास निर्जीव होय. एकाने पौलावर बोट ठेवले, दुसऱ्याने याकोबावर. दोन्ही पत्रे एकाच ग्रंथात बांधलेली आहेत, हे मात्र दोघेही विसरले.

१५३० सालच्या जून महिन्याच्या २५ तारखेस याच शहरात, पाचवा चार्ल्स बादशहा याच्यासमोर, ल्यूथरपंथीयांनी आपला विश्वासाचा जाहीरनामा वाचून दाखविला. पुढे १५४७ साली त्रेंतच्या धर्मपरिषदेने कॅथलिक शिकवण निश्चित केली. या सगळ्या काळात सामान्य माणसाच्या वाट्याला काय आले? पोप तेरावे ग्रेगरी यांनी पंचांग सुधारले, तेव्हा ते पोपांचे म्हणून येथील ल्यूथरपंथीयांनी नाकारले, आणि १५८४ साली रस्त्यावर दंगा उसळला. १६२९ साली ऑगस्ट महिन्याच्या ८ तारखेस ल्यूथरपंथीयांच्या उपासनेवर बंदी आली. मग युद्ध, वेढा, उपासमार आणि रोगराई यांनी शहराची निम्म्याहून अधिक वस्ती नाहीशी केली. ज्याने शत्रूवरही प्रीती करा म्हणून शिकविले, त्याच्या शब्दाचा अर्थ लावण्यावरून हे घडले, हे वाचताना मान खाली जाते.

अखेर १६४८ च्या तहाने शहरातील अधिकाराच्या जागा दोन्ही पक्षांत समसमान वाटण्यात आल्या. १६५० साली ल्यूथरपंथीयांनी, बंदीच्या त्याच ८ ऑगस्टला, शांततेचा सण म्हणून पहिल्यांदा देवाचे उपकार मानले. आज हा सण सर्वांचा झाला आहे. सबंध जर्मनीत ही सरकारी सुटी एकट्या आउग्सबुर्ग शहरास आहे. त्या दिवशी नगरभवनापुढील चौकात लांबच लांब मेजे मांडतात, आणि लोक घरून आणलेले पदार्थ एकमेकांस वाटून खातात.

शहरात आणखी एक स्थळ आम्ही पाहिले. याकोब फुग्गर या सावकाराने १५२१ साली गरीब कॅथलिक कुटुंबांसाठी वसविलेली ही वसाहत आजही नांदती आहे. सुमारे दीडशे माणसे तेथे राहतात. वर्षाचे भाडे एका जुन्या नाण्याइतके, म्हणजे आजचे एक युरोदेखील भरत नाही. अट एवढीच, की प्रत्येकाने रोज प्रभूची प्रार्थना, नमो मरिया व विश्वासांगीकार म्हणून संस्थापकाच्या आत्म्याची आठवण करावी. हा याकोब १५२५ साली वारला आणि संत आन्नाच्या मंदिरातील आपल्या कुटुंबाच्या वेदीघरात पुरला गेला. पुढे ते मंदिर ल्यूथरपंथीयांचे झाले. सत्कर्मावर भिस्त ठेवणारा कॅथलिक सावकार आज विश्वासावर भिस्त ठेवणाऱ्या बंधूंच्या छपराखाली पुनरुत्थानाची वाट पाहत आहे!

त्याच संत आन्नाच्या मंदिरात १९९९ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या ३१ तारखेस एक मोठी गोष्ट घडली. कॅथलिक व ल्यूथरपंथीय यांनी मुख्य देवळात एकत्र प्रार्थना आरंभिली, मिरवणुकीने ते संत आन्नाकडे आले, आणि तेथे कार्डिनल कॅसिडी व बिशप क्राउझ यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. तिचा सारांश आमच्या शेतकरी वाचकांस आम्ही असा सांगू: झाड लावतो तो देव. आपल्या पुण्याईच्या बळावर कोणी रोप होऊन उगवत नाही. ती ख्रिस्ताची कृपा, आणि ती विश्वासाने घ्यावयाची. परंतु देवाने लावलेले झाड जिवंत असेल तर त्याला फळ धरावेच लागते. पौल मुळाविषयी बोलत होता, याकोब फळाविषयी. साडेचारशे वर्षांनी दोन्ही बाजूंनी शांतपणे पुस्तक पुन्हा वाचले, तेव्हा हे दिसले.

यावरून सारे मतभेद मिटले असे कोणी समजू नये. पोपमहाशयांचा अधिकार, धर्मगुरूची दीक्षा, पवित्र मिस्सा यांविषयी अंतर आहे. आपल्या पवित्र शास्त्रात ७३ ग्रंथ आहेत, त्यांच्यात ६६. म्हणूनच आज आपण एका वेदीवरून ख्रिस्तशरीर घेत नाही. हे दुःख लपवून खोटी एकी दाखविणे, हीही सत्याशी प्रतारणाच होईल. मध्ये भिंत आहे. पण ती शत्रूच्या किल्ल्याची नाही, एकाच घरातील वाटणीची आहे.

ही गोष्ट आपल्या दारची नाही काय? बेळगावात, इंदुरात, बडोद्यास, हैदराबादेस आपल्या शेजारी प्रोटेस्टंट कुटुंबे राहतात. कोठे सून त्या घरची येते, कोठे मुलगी त्या घरी जाते. मग कोणी म्हणते, “तुम्ही मूर्ती पूजता,” आणि कोणी उलट म्हणते, “तुमची धडगत नाही.” मुले ऐकत असतात. असे शब्द ओठांवर आले की वाचकांनी आउग्सबुर्गची उपासमार आठवावी. सून आपले शास्त्र उघडून वाचू लागली, तर सासूने वाद न घालता शेजारी बसून ऐकावे. आणि आपण रोझरी का म्हणतो हे तिने विचारले, तर प्रेमाने सांगावे.

आपल्या मराठीनेही हा धडा पूर्वीच गिरविला आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेज्वीट. त्यांच्या मायदेशात तेव्हा कॅथलिक धर्मगुरूंस थारा नव्हता. ते १५७९ साली गोव्यास आले, आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. जर्मनीत तीस वर्षांचे युद्ध पेटण्यास तेव्हा दोनच वर्षे उरली होती. पुढे तीन शतकांनी रेव्हरंड नारायण वामन टिळक या प्रोटेस्टंट कवीने ‘ख्रिस्तायन’ आरंभिले. १९१९ साली त्यांचे निधन झाल्यावर लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले. एक कवी कॅथलिक, दुसरा प्रोटेस्टंट. बेथलेहेमात जन्मलेला, क्रुसावर मेलेला व तिसऱ्या दिवशी उठलेला प्रभू मात्र दोन्ही ग्रंथांत एकच.

निघण्यापूर्वी आम्ही पुन्हा एकदा संत उलरिकच्या दोन्ही मंदिरांत गेलो. मोठ्यात प्रभूची प्रार्थना म्हटली. लहानात जाऊन तीच पुन्हा म्हटली. शब्द बदलावे लागले नाहीत.